दहा तारखेचा कागद: अमेरिकेत सिगारेट विक्रीचा हिशेब न देणं कितीला पडतं?

महाडच्या बाजूला आमचे एक जुने परिचित राहतात. मुलगा चार वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये पेट्रोल पंपाला लागून असलेल्या एका दुकानात गल्ल्यावर बसतो. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मुलाला कोणीतरी भागीदार भेटलाय, वेबसाईट काढायची म्हणतोय, व्हेपचं सामान विकायचं, म्हणजे ई-सिगारेटचे सुटे भाग, कॉइल, बॅटरी, फ्लेव्हरचं लिक्विड. ऑर्डर ऑनलाईन, माल कुरिअरने. घरातून पंधरा लाख रुपये मागितलेत आणि त्यासाठी गावची जागा विकायचा विचार चाललाय. "भागीदार म्हणतो की निकोटीन विकतच नाही आपण, त्यामुळे सिगारेटचा कायदा आपल्याला लागत नाही. खरं आहे का?" हा त्यांचा प्रश्न.

खरं नाही. आणि का खरं नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत मुलं, भाचे, जावई असलेली घरं आपल्यात आता कमी राहिलेली नाहीत. किराणा दुकान, गॅस स्टेशन, छोटं ऑनलाईन दुकान हे परदेशात गेलेल्या माणसाचे पहिले धंदे. म्हणून हा विषय वाटतो तितका परका नाही.

अमेरिकेत सिगारेटवर केंद्राचा कर वेगळा, राज्याचा वेगळा, आणि काही शहरांचा त्याहून वेगळा. न्यूयॉर्क राज्यात १ सप्टेंबर २०२३ पासून एका पाकिटावर राज्याचा कर ५ डॉलर ३५ सेंट. न्यूयॉर्क शहर त्यावर आणखी दीड डॉलर घेतं. म्हणजे ६ डॉलर ८५ सेंट नुसता कर, पाकिटाची किंमत वेगळीच. तिकडे मिसुरी राज्यात हाच कर १७ सेंट. दहा पाकिटांचं एक कार्टन धरलं तर न्यूयॉर्कात साडेअडुसष्ट डॉलर, मिसुरीत एक डॉलर सत्तर सेंट. एका कार्टनमागे ६६ डॉलर ८० सेंटचा फरक! हजार कार्टन एका व्हॅनमध्ये आरामात मावतात. हिशेब तुम्हीच करा. आपल्याकडे सीमेवरच्या गावात पेट्रोल स्वस्त मिळालं की लोक पलीकडे टाकी भरायला जातात, तसंच हे, फक्त पैसा कितीतरी मोठा.

आता प्रश्न असा की न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून टपालाने सिगारेट मागवली तर न्यूयॉर्कला कर कसा मिळणार? कर देणं खरेदी करणाऱ्याचं काम. पण तो स्वतःहून जाऊन कोणाला सांगणार आहे? दुकानदार दुसऱ्या राज्यात, त्याच्यावर न्यूयॉर्कचा हात पोहोचत नाही. ही अडचण इंटरनेटने आणलेली नाही, टपालाच्या जमान्यातली आहे. म्हणून १९४९ साली अमेरिकन संसदेने जेन्किन्स कायदा केला. राज्याबाहेर सिगारेट पाठवणाऱ्या विक्रेत्याने दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत, मागच्या महिन्यात कोणाला, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या ब्रँडची किती सिगारेट पाठवली, याचा कागद त्या ग्राहकाच्या राज्याच्या कर खात्याला द्यायचा. कर गोळा करायला सांगितलं नव्हतं. फक्त कळवायला सांगितलं होतं. नावं हातात आली की राज्य सरकार खरेदीदाराला थेट बिल पाठवू शकतं, ही त्यातली गोम.

साधी युक्ती, पण शिक्षा अगदीच लेचीपेची. जास्तीत जास्त एक हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद, तोही किरकोळ गुन्हा म्हणून. फोन आणि टपालावर चालणाऱ्या धंद्यात हे कसंबसं निभावलं. इंटरनेट आलं आणि सगळंच सुटलं. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑगस्ट २००२ मध्ये अहवाल दिला. त्यांनी सिगारेट विकणाऱ्या १४७ वेबसाईट तपासल्या, त्यातल्या ७८ टक्के वेबसाईटवरच लिहिलेलं होतं की आम्ही हा कायदा पाळत नाही, किंवा तशा अर्थाचं काहीतरी. "तुमची माहिती आम्ही सरकारला देणार नाही" हीच जाहिरात! चोरी करणारा दारावर पाटी लावून बसला होता, कारण येऊन धरणारं कोणी नव्हतं.

न्यूयॉर्क शहराने मग वेगळा मार्ग धरला. न्यू मेक्सिकोतल्या हेमी ग्रुप नावाच्या ऑनलाईन विक्रेत्यावर संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, म्हणजे तिकडच्या 'रिको'खाली, दावा ठोकला. म्हणणं असं की तुम्ही राज्याला अहवाल दिला नाही, त्यामुळे आमच्यापर्यंत माहिती आली नाही, आमचा कर बुडाला. २५ जानेवारी २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालाचा मथितार्थ असा की अहवाल द्यायचा होता राज्याला, कर बुडवला ग्राहकाने, नुकसान झालं शहराचं. ही साखळी इतकी लांब आहे की विक्रेत्याला त्यासाठी 'रिको'त ओढता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल, पण शहराच्या दृष्टीने हात बांधून दिल्यासारखं झालं.

आणि दोनच महिन्यांत, ३१ मार्च २०१० ला, अध्यक्ष ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. नाव पॅक्ट अॅक्ट, म्हणजे सिगारेटची सगळी तस्करी रोखणारा कायदा. २९ जून २०१० पासून तो लागू झाला. जुन्या जेन्किन्स कायद्याचा सांगाडा तोच ठेवला, दहा तारीखही तीच, पण दात नवे बसवले.

नेमकं काय बदललं ते बघू, कारण महाडच्या त्या घराचे पंधरा लाख इथेच अडकणार आहेत.

पहिलं, धंदा सुरू करायच्या आधीच नोंदणी. केंद्र सरकारकडे, आणि ज्या ज्या राज्यात माल पाठवणार त्या प्रत्येक राज्याच्या तंबाखू कर अधिकाऱ्याकडे. नाव, पत्ता, फोन, ईमेल, वेबसाईट, सगळं. केंद्राकडची ही नोंद एटीएफ बघतं, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांवर नजर ठेवणारं खातं. बंदुका बघणारं खातं तुमच्या कॉइलची नोंद ठेवतंय, यावरून ते याला किती गंभीर समजतात ते कळतं.

दुसरं, दर महिन्याचा अहवाल आता फक्त ग्राहकाच्या विक्रीचा नाही. पूर्वी परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याला पाठवलेला माल यातून सुटायचा, आता तोही येतो. प्रत्येक पार्सलचं बिल किंवा टिपण, ग्राहकाचं नाव-पत्ता, ब्रँड, नग, आणि पार्सल कोणी पोहोचवलं त्याचंही नाव. शहर आणि पिनकोडप्रमाणे लावलेलं. आणि एक प्रत स्थानिक पोलीस यंत्रणेच्या प्रमुखालाही. हेमी प्रकरणात शहराची जी तक्रार होती, तिच्यावरचं उत्तर इथे सापडतं. ग्राहकाला घरपोच विकणाऱ्याने विक्रीची कागदपत्रं चार वर्षं सांभाळायची.

(याच कायद्यात 'इंडियन कंट्री' हा शब्द सारखा येतो. आपल्यातल्या एकाने तो वाचून "भारतासाठी वेगळा नियम आहे का?" असं विचारलं होतं. नाही हो. तिथल्या मूळनिवासी जमातींच्या राखीव जमिनींना कायद्यात तसं म्हणतात. त्या जमिनींवरच्या विक्रीवरून राज्यांशी त्यांचं जुनं भांडण आहे, तो वेगळाच लेख होईल.)

तिसरं म्हणजे शिक्षा. जाणूनबुजून कायदा मोडला तर आता तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तो मोठा गुन्हा, ज्याला तिकडे 'फेलनी' म्हणतात. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला फेलनीचा शिक्का म्हणजे तुरुंगाच्याही पुढची गोष्ट, राहण्याचा हक्कच डळमळतो. याशिवाय दिवाणी दंड आहेच. घरपोच माल विकणाऱ्याला पहिल्या उल्लंघनाला ५ हजार डॉलरपर्यंत, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला १० हजारांपर्यंत, किंवा मागच्या एका वर्षाच्या तंबाखू विक्रीच्या २ टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत. कुरिअरवाल्याला अडीच हजार, आणि वर्षभरात परत सापडला तर पाच हजार. कर बुडाला असेल तर तो भरावा लागतोच, दंड भरला म्हणून कर माफ होत नाही.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. कैदेसाठी "जाणूनबुजून" हा शब्द आहे. विक्रेत्याच्या दिवाणी दंडासाठी तो नाही. म्हणजे "मला माहीतच नव्हतं" हे सांगून तुरुंग कदाचित टळेल, दंड टळणार नाही. दुसरं, अहवाल दर महिन्याचा आहे आणि प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. समजा तुमचे ग्राहक फक्त वीस राज्यांत आहेत. वर्षाला २४० अहवाल. सरकारी वकील प्रत्येक चुकलेला अहवाल हे स्वतंत्र उल्लंघन म्हणून मांडू शकतो. आता पाच आणि दहा हजारांचे आकडे परत वाचा. वर्षाला तीन लाख डॉलरचा धंदा करणाऱ्याला २ टक्के म्हणजे सहा हजार; ते परवडले असते, पण "जी रक्कम जास्त असेल ती" हे पाच शब्द छोट्या माणसालाच जास्त लागतात. मोठ्या कंपनीकडे यासाठी सॉफ्टवेअर आहे, वकील आहे, पगारी माणूस आहे. भागीदारीत दोघं मिळून गॅरेजमधून धंदा करणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं.

आणि आता तो "निकोटीन नाही" वाला मुद्दा.

२७ डिसेंबर २०२० ला अमेरिकेच्या अर्थसंकल्पी विधेयकाला एक शेपूट जोडलेलं होतं. कोरोनाची मदत, सरकारी खर्च, अशा हजारो पानांच्या गठ्ठ्यात ते होतं. त्याने पॅक्ट अॅक्टमधल्या 'सिगारेट' या शब्दाची व्याख्याच वाढवली. २७ मार्च २०२१ पासून, द्रवाची वाफ करून निकोटीन, फ्लेव्हर "किंवा अन्य कोणताही पदार्थ" देणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण या कायद्यापुरतं सिगारेटच समजलं जातं. त्याचं लिक्विड, सुटा भाग, जोडसामान, वेगळं विकलं तरी. म्हणजे निकोटीन नसलेलं आंब्याच्या चवीचं लिक्विड ही सिगारेट, कॉइलही सिगारेट. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्याची भाषा तशीच आहे. त्या भागीदाराला हे माहीत नसेल तर तो अडाणी आहे, आणि माहीत असून सांगत नसेल तर विषय संपलाच.

धंदा चालवायचा तर माल पाठवायचा कशाने, हाही प्रश्न आहे. सरकारी टपालाने सिगारेट पाठवायला पॅक्ट अॅक्टने मोजके अपवाद सोडून बंदी घातली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये टपाल खात्याने व्हेपलाही तीच बंदी लावली. फेडेक्सने मार्च २०२१ पासून आणि यूपीएसने एप्रिल २०२१ पासून व्हेपची पार्सलं घेणं बंद केलं. कायद्याने त्यांना पूर्ण बंदी नव्हती, त्यांनी स्वतःहून हात काढून घेतले.

का काढले, ते समजायला यूपीएसचा किस्सा पुरेसा आहे. न्यूयॉर्क राज्य आणि शहर यांनी मिळून यूपीएसवर दावा केला की तुम्ही राखीव जमिनींवरच्या विक्रेत्यांची करचुकवी सिगारेट पार्सलं वाहिलीत. यूपीएसने २००५ मध्येच राज्याला लिहून दिलं होतं की ग्राहकांच्या घरी सिगारेट पोहोचवणार नाही. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने जवळपास २४ कोटी ७० लाख डॉलर भरायला सांगितले. अपिलात नोव्हेंबर २०१९ ला ही रक्कम कमी होऊन सुमारे ९ कोटी ७६ लाखांवर आली. फेडेक्सने असल्याच दाव्यात २०१९ च्या सुरुवातीला ३ कोटी ५४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सिगारेट यांनी बनवली नाही, विकलीही नाही, फक्त खोका उचलून दारात ठेवला. तरी हा भुर्दंड. त्यानंतर कुठली मोठी कुरिअर कंपनी व्हेपच्या नादाला लागेल?

शिवाय एटीएफ एक यादी काढतं, नोंदणी न केलेल्या किंवा कायदा न पाळणाऱ्या विक्रेत्यांची. ही यादी कुरिअर कंपन्यांना जाते आणि त्यात नाव आलं की तुमचं पार्सल त्यांनी घ्यायचं नाही. दंड भरून माणूस परत उभा राहतो, पण या यादीत नाव गेलं की दुकान बंद करण्यावाचून पर्याय राहत नाही.

हे कायद्याच्या पुस्तकातच पडून आहे असंही समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी व्हेपच्या धंद्यातल्या १३ उत्पादक, वितरक आणि विक्रेत्यांना कोर्टात खेचलं. मुख्य आरोप लहान मुलांना फ्लेव्हर विकल्याचा आहे, पण पॅक्ट अॅक्ट मोडल्याचाही आहे. राज्यांना हे शस्त्र सोयीचं वाटतं. मूल व्यसनी झालं हे एका विक्रेत्यावर सिद्ध करायला वर्षं जातात. दहा तारखेला कागद आला होता का, हे दोन मिनिटांत कळतं.

माझं मत विचाराल तर कायद्याचा हेतू योग्य आहे. शाळकरी पोरांच्या हातात पेनसारखी दिसणारी व्हेप आपण मुंबई-पुण्यातही बघतो आणि डोळ्यांवर विश्वास बसत नाही. घरपोच विक्रीत वयाची खात्री आणि पार्सल घेताना मोठ्या माणसाची सही, हे याच कायद्यात आहे, आणि ते असायलाच हवं. खटकतं ते एवढंच की पन्नास राज्यांचे पन्नास अर्ज, प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि चूक मात्र एकाच तराजूत. प्रामाणिक माणूस उशिरा कागद देतो आणि लबाड माणूस कागदच देत नाही, कायदा दोघांवर सारखाच दंड लावू शकतो.

आपल्याकडे काय आहे? भारतात ई-सिगारेट विकणं, साठवणं, आयात करणं २०१९ च्या कायद्याने सरळ बंदच आहे. पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. म्हणजे मुलाने अमेरिकेतून "थोडा माल गावाकडे पाठवतो" असा विचारही करू नये. हिशेब देण्याची सक्ती आपल्याकडे विक्रेत्यापेक्षा कारखानदारावर जास्त राहिली आहे. २०२४ साली जीएसटीत पानमसाला आणि खाण्याच्या तंबाखूच्या कारखान्यांसाठी पॅकिंग मशीनची नोंदणी आणि दर महिन्याचं खास विवरणपत्र आलं. तारीख? पुढच्या महिन्याची दहा! आणि नोंद न केलेल्या प्रत्येक मशीनमागे एक लाख रुपये दंड, वर मशीन जप्त. पानटपरीवाल्याला असला मासिक अहवाल नाही. त्याच्यासाठी शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नको, अल्पवयीनांना विक्री नको, आणि महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी. ती किती पाळली जाते, ते कुठल्याही नाक्यावर उभं राहून बघा.

महाडला मी काय सांगितलं? सगळ्यात आधी, मुलगा आज जी नोकरी करतो त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुकानात समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला त्याच राज्यात पाकीट विकणं या मासिक अहवालात येत नाही. वय बघून विकायचं, एवढं पाळलं पाहिजे. तिकडे २०१९ च्या अखेरीपासून वयाची मर्यादा २१ आहे. पण वेबसाईटच्या भागीदारीत नाव घालायचं असेल तर पैसे पाठवायच्या आधी भागीदाराकडून चार कागद मागा: एटीएफकडच्या नोंदणीची प्रत, ज्या राज्यांत माल जातो त्या प्रत्येक राज्याकडची नोंदणी, गेल्या तीन महिन्यांचे दहा तारखेचे अहवाल, आणि माल नेमका कुठल्या कुरिअरने जातो त्याचा करार. मुलाला म्हणा, हे कागद तिथल्या एखाद्या वकिलाला दाखव. वकिलाची फी पंधरा लाखांपुढे काहीच नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं. मुलाने भागीदाराला त्याच रात्री विचारलं म्हणे. भागीदार म्हणाला, "वेबसाईट तीन वर्षं चालू आहे, आजपर्यंत कोणी काही विचारलं नाही." कागद मात्र अजून आलेले नाहीत, आणि गावच्या जागेचा व्यवहार त्यांनी तूर्त थांबवून ठेवलाय.